भरून दिलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा जळतो तेव्हा: पेपर कव्हर्ड ॲल्युमिनियम तारेचा दोष कसा शोधायचा

रब्बीचं पाणी सुरू झालं की ट्रान्सफॉर्मर भरणाऱ्या, म्हणजे जळलेल्या कॉइलच्या जागी नव्या गुंडाळून देणाऱ्या, प्रत्येक शॉपमध्ये एक तक्रार ठरलेली असते: गेल्या हंगामात भरून दिलेली डीपी, म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर, परत आली. टाकी तीच, नंबर तोच आणि उघडल्यावर पुष्कळदा फेजही तीच. मग वाइंडर तारवाल्याला दोष देतो, तारवाला ऑइलला, ऑइलवाला शेतातल्या लोडला. दोन दिवसांत नवी कॉइल चढते आणि कारण न शोधताच डीपी रवाना होते. ऐन पाण्याच्या दिवसांत पंधरा-वीस शेतकऱ्यांचे पंप बंद असतात, त्यामुळे घाई कुणालाही समजेल. पण तिसऱ्यांदा डीपी येते ती याच घाईमुळे.

जळलेली कॉइल भंगारात टाकण्याआधी नीट तपासली तर दोष लाइनचा की कामाचा, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं, असं माझं ठाम मत आहे. दोष कामाचा निघाला तर तो सहसा दोन जागी असतो: कागदात राहिलेलं पाणी आणि तारेचा जोड. खुद्द तार खराब निघण्याचे प्रसंग त्या मानाने थोडे.

आकडे डोळ्यासमोर राहावेत म्हणून एकच माप धरतो. १०० केव्हीए, ११,०००/४३३ व्होल्ट, एचटी (११ केव्हीची, उच्च दाबाची बाजू) डेल्टा जोडणीत, एलटी (कमी दाबाची बाजू) स्टार जोडणीत. एचटीच्या एका फेजमधून ३.०३ अँपिअर करंट जातो, एलटीतून १३३. ॲल्युमिनियमला चौरस मिलिमीटरमागे दीड अँपिअर धरले तर एचटीला १.६ मिमीची तार लागते, तीच आपली डीपीसी, म्हणजे दुहेरी कागद गुंडाळलेली. एलटीला कागद चढवलेली पट्टी. फेऱ्यामागे साडेचार व्होल्ट धरले तर एलटीचे ५६ फेरे होतात आणि एचटीचे २,४६४. एका लिंबवर (लोखंडी कोअरच्या उभ्या दांड्यावर, दर फेजला एक) एचटीच्या चार कॉइल असतील तर प्रत्येकीत ६१६ फेरे. तुमच्या समोरच्या डिझाइनमध्ये हे थोडे कमीजास्त असतील, हिशोबाची रीत बदलत नाही.

कॉइल कापण्याआधी

कोअर-कॉइल टाकीतून वर काढल्यावर ऑइल निथळू द्या आणि चांगल्या उजेडात तिन्ही लिंब बघा. जळलेल्या जागेइतकंच न जळलेल्या जागांकडेही लक्ष द्या.

तिन्ही लिंबवरचा कागद सारखाच गडद तपकिरी झाला असेल आणि चिमटीत धरून दुमडला की पापडासारखा मोडत असेल, तर ट्रान्सफॉर्मर बराच काळ जास्त तापत होता. क्राफ्ट कागदाचं आयुष्य तापमानावर अवलंबून असतं. नेहमीच्या कामाच्या तापमानाच्या वर दर ६ अंशांना ते साधारण निम्मं होतं. अशा डीपीत फक्त जळालेली कॉइल बदलणं म्हणजे शेजारच्या फेजची तारीख ठरवून देणं. तिन्ही लिंब भरा. मालक खर्चाला नाही म्हणाला तर तो मोडलेला कागद त्याच्या हातावर ठेवा. एकच लिंब तपकिरी आणि बाकी दोन फिकट असतील तर लोड एका फेजवर लोटलेला आहे, आणि ते काम तुमच्या शॉपमध्ये दुरुस्त होणार नाही.

सर्वांत वरची किंवा सर्वांत खालची एचटी कॉइल फुटली असेल, बाकी कागद ताजा असेल आणि ऑइलही स्वच्छ असेल, तर आकाशातल्या विजेचा किंवा लाइनवरचा झटका आलेला आहे. असा झटका वाइंडिंगवर सारखा वाटला जात नाही. लाइनकडचे पहिले काही फेरेच त्यातला मोठा वाटा झेलतात. डेल्टात प्रत्येक फेजची दोन्ही टोकं लाइनला असल्यामुळे वरची आणि खालची अशा दोन्ही टोकांच्या कॉइलना हा धोका असतो.

एलटीची पट्टी वाकडी झालेली, एचटीच्या कॉइल वरखाली सरकलेल्या, ठोकळे निसटलेले: हे बाहेरच्या शॉर्टचं काम. साडेचार टक्के इम्पिडन्सच्या (करंटला आतून होणाऱ्या अडथळ्याच्या) ट्रान्सफॉर्मरला एलटी टर्मिनलवरच शॉर्ट मिळाला तर करंट बावीस पट होतो, आपल्या मापात जवळजवळ २,९६० अँपिअर. वाइंडिंगवरचा जोर करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सुमारे पाचशे पट. त्यातही ॲल्युमिनियम मऊ. शॉर्टच्या वेळी ऑइलमधल्या तांब्याच्या वाइंडिंगला सरासरी २५० अंशांपर्यंत मुभा आहे, ॲल्युमिनियमला २०० अंशांपर्यंतच.

आता नीट बघायची ती चौथी खूण. मधल्याच एखाद्या कॉइलमध्ये, लेयरच्या टोकाला, बोटभर जागेत खड्डा पडलेला असतो. आत वितळून गोठलेले ॲल्युमिनियमचे बारीक गोळे, भोवती काळा कागद, आणि चार बोटं पलीकडे कागद अगदी नवा. ही खूण दिसली तर दोष कामाचा आहे असं धरून चाला. लेयरच्या टोकालाच का, तर शेजारच्या दोन फेऱ्यांत साडेचार व्होल्टच असतात, त्याला दुहेरी कागद पुरून उरतो. पण लेयरमध्ये तीस फेरे असतील तर एका टोकाला वरच्या-खालच्या लेयरमध्ये २७० व्होल्ट उभे राहतात. तिथे लेयरचा कागद ओला असेल, आखूड कापलेला असेल किंवा शेवटचा फेरा घसरून खालच्या लेयरला टेकला असेल, तर सुरुवात तिथूनच होते. एक फेरा दुसऱ्याला चिकटला की त्या बंद वेढ्यात इतका करंट फिरतो की ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळून जातं.

खड्डा लेयरच्या टोकाला नसून दोन कॉइलच्या मधल्या जोडाजवळ असेल तर खाली जोडाबद्दल लिहिलंय ते वाचा.

मेगर चांगला आला, तरी जळला

हे वाक्य फार ऐकू येतं. मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा मीटर, एचटी ते बॉडी, एलटी ते बॉडी आणि एचटी ते एलटी एवढंच बघतो. एकाच वाइंडिंगमधले दोन फेरे चिकटले तर ते त्याला दिसत नाही, कारण दोन्ही एकाच तारेचे भाग आहेत. मेगर घ्यायचाच, पण त्यावर विसंबून डीपी पाठवू नका.

सोपी तपासणी अशी: एचटीला तीन फेज ४१५ व्होल्ट द्या. ट्रान्सफॉर्मरचा रेशो ४४ (२,४६४ फेरे भागिले ५६), म्हणून एलटीच्या प्रत्येक फेजला न्यूट्रलपासून ९.४ व्होल्टच्या आसपास यायला हवेत आणि तिन्ही सारखे. एखादी फेज कमी दाखवते आणि एचटीकडून तिथे करंटही जास्त ओढला जातो, तर फेरे शॉर्ट आहेत किंवा मोजण्यात चूक आहे. ही तपासणी झालेला शॉर्ट पकडते, होऊ घातलेला पकडत नाही. त्यासाठी दुप्पट व्होल्टेजची टेस्ट हवी: एलटीला ८६६ व्होल्ट, १०० हर्ट्झवर, ६० सेकंद. पन्नास हर्ट्झवर एवढं व्होल्टेज देता येत नाही, कोअर सॅच्युरेट होते, म्हणून फ्रिक्वेन्सी वाढवणारा सेट लागतो. लहान शॉपला तो परवडत नाही हे खरं. पण जवळपास जिथे असेल तिथे भाड्याने का होईना, ही टेस्ट करून घ्या. फेऱ्या-फेऱ्यांमधल्या कागदाची खरी परीक्षा ही टेस्ट घेते.

कागदातलं पाणी

कागद हवेतलं पाणी ओढतो. पावसाळ्यात उघड्या बॉबिनवरच्या क्राफ्ट कागदात वजनाच्या सात-आठ टक्के पाणी सहज असतं. ट्रान्सफॉर्मरमध्ये जाताना ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास यायला हवं. मधली सगळी मजल ओव्हनमध्ये गाठायची असते, आणि तिथेच वेळ कापला जातो.

पुष्कळांचा समज असा की कागद थोडा ओला राहिला तरी ऑइल फिल्टर करताना पाणी निघून जाईल. हिशोब करून बघा. दहा किलो कागदात दोन टक्के पाणी राहिलं तर ते २०० ग्रॅम झालं. शंभर लिटर ऑइलमध्ये ३० पीपीएम पाणी असेल तर ते तीन ग्रॅमही भरत नाही. पाणी कागदातच मुरून असतं, ऑइलमध्ये त्याचा अंशच उतरतो. म्हणून ऑइलचा बीडीव्ही (किती व्होल्टेजला ऑइलमधून ठिणगी पडते तो आकडा) ६० केव्ही आला तरी कॉइल ओली असू शकते. दिवसा लोड चढला, कॉइल तापली की ते पाणी कागदातून ऑइलमध्ये येतं. रात्री गार झाल्यावर सगळंच परत जात नाही. सकाळी थंड टाकीतून काढलेला नमुना आणि दुपारी गरम टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हमधून काढलेला नमुना यांच्या बीडीव्हीत फरक दिसला, तर कागद ओला आहे. ओला कागद म्हाताराही लवकर होतो. त्यातलं पाणी दुप्पट झालं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंश ठेवा, आणि किती तास ठेवायचं ते घड्याळावरून ठरवू नका. दर दोन तासांनी मेगर घ्या. कॉइल तापायला लागली की रीडिंग आधी खाली जातं. तळाला काही काळ रेंगाळतं. मग पाणी निघू लागतं तसं चढतं, आणि शेवटी सपाट होतं. लागोपाठ तीन रीडिंग सारखी येईपर्यंत कॉइल बाहेर काढायची नाही. रीडिंग चढायला लागलेलं बघून बाहेर काढलेली कॉइल निम्मीच सुकलेली असते. कोकणातल्या पावसाळ्यात आणि मराठवाड्यातल्या मार्च महिन्यात एकच तास लावले तर एकीकडे कॉइल ओली राहणार हे उघड आहे. रीडिंग बघितलं तर दोन्हीकडे काम सारखं होतं.

सुकल्यावर कागद आणि प्रेसबोर्ड आकसतात, म्हणजे आधी आवळलेली कॉइल सैल होते. ओव्हनमधून काढल्याबरोबर, गरम असतानाच, वरचे क्लॅम्प पुन्हा आवळा. हे राहिलं तर पहिल्याच शॉर्टला कॉइल उडी मारते, फेऱ्यांवरचा कागद घासून फाटतो, आणि तीन महिन्यांनी जो खड्डा सापडतो त्याला आपण तारेचा दोष म्हणतो.

मग टाकीत घालून ऑइल भरण्यात वेळ दवडू नका. सुकवलेला कागद उघड्यावर ठेवला की लगेच पाणी ओढायला लागतो. व्हॅक्यूम असेल तर व्हॅक्यूमखाली भरा. नसेल तर ऑइल गरम करून, हळूहळू, खालून भरा आणि रात्रभर तरी मुरू द्या. कागदाच्या थरांमध्ये हवेचे बुडबुडे राहिले असताना ११ केव्ही दिलं, तर त्या बुडबुड्यांतच पहिल्यांदा डिस्चार्ज होतो. आणि ऑइल? जळलेल्या डीपीतलं जुनं ऑइल कापडाने गाळून परत वापरणं बंद करा. त्यात कोळशाचे कण आणि आम्ल दोन्ही असतात. कण फिल्टरने निघतात, आम्ल निघत नाही, आणि नव्या कागदाला ते पहिल्या दिवसापासून खातं.

जोड

हवेत उघडं पडताक्षणी ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर येतो. तो थर दोन हजार अंशांच्या वर वितळतो, आतली तार ६६० ला. म्हणून ज्योत लावली की आतली तार विरघळते आणि वर ऑक्साइडची कातडी तशीच राहते. बाहेरून जोड चकचकीत दिसतो, आतून दोन टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली असतात. फ्लक्स वापरला तर ऑक्साइड फुटतो, पण क्लोराइडचा फ्लक्स धुवून निघाला नाही तर तोच पुढे तार कुरतडतो, आणि कॉइलच्या शेजारी पाण्याने धुणार कसं? एचटीच्या बारीक तारेला मी कोल्ड वेल्डचं हत्यार किंवा योग्य मापाचा ॲल्युमिनियमचा स्लीव्ह दाबणं पसंत करतो. स्लीव्ह घालण्याआधी स्टीलच्या ब्रशने तार घासायची आणि लगेच दाबायची, चहा पिऊन आल्यावर नाही.

एचटीचा खराब जोड मीटरवर सापडत नाही, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. आपल्या मापात एचटीच्या एका फेजचा रेझिस्टन्स २६ ओहमच्या आसपास येतो. डेल्टा बांधल्यावर दोन टर्मिनलमध्ये त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे १७.३ ओहम. एका जोडात ०.१ ओहम जादा असेल तर टर्मिनलवरचं रीडिंग जेमतेम पाव टक्का हलतं. वाइंडिंग एका अंशाने तापली तरी ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स ०.४ टक्के बदलतो. म्हणजे खराब जोड तापमानाच्या फरकात बुडून जातो. पण ३ अँपिअरला त्या ०.१ ओहममध्ये जवळजवळ एक वॉट उष्णता तयार होते, तीही कागदात गुंडाळलेल्या नखाएवढ्या जागेत.

म्हणून जोड कागदात गुंडाळण्याआधीच मोजा. चार वायरचा मायक्रोओहम मीटर घ्या, जोड मध्ये येईल असे दोन टोचे दहा सेंटिमीटर अंतरावर लावा. मग त्याच तारेच्या जोड नसलेल्या दहा सेंटिमीटरवर लावा. १.६ मिमीच्या तारेला दहा सेंटिमीटरमागे १.४ मिलिओहम यायला हवेत. जोडाचं रीडिंग त्याहून जास्त आलं तर तो कापून पुन्हा करा. शिवाय हाताने ताणून बघा. चार कॉइलच्या लिंबवर कॉइल-कॉइलमधले जोड तीनच असतात, एवढी मेहनत जड नाही.

कॉइलच्या पोटात जोड येऊच देऊ नका. एका कॉइलला साधारण साडेचारशे ते पाचशे मीटर तार लागते, उघड्या धातूचं वजन अडीच किलोच्या आसपास. भरायला बसण्याआधी बॉबिन काट्यावर ठेवा आणि कागदाचं व रिकाम्या बॉबिनचं वजन वजा धरा. कमी भरत असेल तर ती बॉबिन दुसऱ्या कामाला ठेवा.

एलटीकडे उलट आहे, तिथे मीटर खरं बोलतो. एका फेजचा रेझिस्टन्स १३ मिलिओहमच्या आसपास असतो. एक मिलिओहमचा खराब जोडही सात-आठ टक्क्यांचा फरक दाखवतो, आणि १३३ अँपिअरला तो जवळजवळ १८ वॉट उष्णता काढतो. तिन्ही फेज न्यूट्रलपासून मोजा. दोन-तीन टक्क्यांच्या पुढे फरक दिसला तर शोधल्याशिवाय टाकी बंद करू नका. बुशिंगच्या पितळी रॉडला ॲल्युमिनियमची पट्टी बोल्टने बांधताना बायमेटल लग आणि शंकूच्या आकाराचा स्प्रिंग वॉशर घाला. ॲल्युमिनियम तापलं की स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, दाबाखाली हळूहळू बसतंही, आणि साध्या वॉशरवर बोल्ट आपोआप सैल होतो.

भरताना

मूळ वाइंडिंग तांब्याची असेल आणि ॲल्युमिनियम घालायचं असेल तर क्षेत्रफळ १.६ पट हवं. १८ गेजच्या तांब्याच्या जागी १६ गेजचं ॲल्युमिनियम लागतं, १७ ने भागत नाही. एवढी जाड तार कोअरच्या खिडकीत मावत नाही म्हणून काही जण बारीक तार घालतात किंवा लेयरचा कागद आणि ऑइलचे डक्ट कमी करतात. त्या डीपीने पुन्हा यायचं ठरवलेलंच असतं. मावत नसेल तर तांबंच घाला.

तांब्याचा हात बसलेला वाइंडर तार ओढून भरतो. १.६ मिमीचं मऊ ॲल्युमिनियम सहा-सात किलोच्या ताणालाच कायमचं लांबायला लागतं. तार लांबली की तिचा रेझिस्टन्स वाढतोच, शिवाय त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे कागदाच्या पट्टीची एकावर एक बसलेली कड उघडते. नवी बॉबिन आली की हातभर तार बोटाएवढ्या जाड रॉडवर गुंडाळून बघा. कागद फाटला, फट दिसली किंवा थर घसरला तर बॉबिन परत करा. कागद काढून मायक्रोमीटरने व्यासही बघा, आणि नखाने तार चाचपा, कुठे धातूची कूस टोचते का. आयएस ६१६२ हे या तारेचंच मानक आहे. खरेदीच्या ऑर्डरवर ते लिहून टाका, म्हणजे परत करताना वाद होत नाही.

लाइनवर

तुमचं काम चोख असूनही डीपी जळू शकते, आणि त्याची कारणं खांबावर असतात. लायटनिंग अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारे) तुटलेले किंवा त्यांची अर्थिंगची तार कापलेली. किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायच्या चिनी मातीच्या होल्डरमध्ये) फ्यूज वायरच्या जागी जाड तार. झोळ पडलेल्या एलटीच्या तारा वाऱ्यात एकमेकींवर आपटताना. आणि ऑटो स्विच. थ्री फेज लाइट आली की डीपीवरचे सगळे पंप एका क्षणाला उचलतात. पाच एचपीचा पंप साडेसात अँपिअर घेतो, म्हणजे सतरा पंपांत १०० केव्हीएची डीपी भरली. ते सगळे एकदम सुरू झाले तर पाच-सहा पट करंट काही सेकंद, दिवसातून जितक्यांदा लाइट जाईल तितक्यांदा. शेतकऱ्याला हे नीट समजावून सांगितलं तर तो ऐकतो, कारण डीपी जळाली की पीक त्याचंच करपतं.

परत आलेल्या प्रत्येक डीपीची एक नोंद ठेवा: लिंब कोणतं, वरून कितवी कॉइल, लेयरच्या टोकाला की मध्ये की जोडाजवळ, कागदाचा रंग, ऑइलचा रंग. जळलेल्या जागेचा वीतभर तुकडा नंबर लिहून पिशवीत घाला. तीच डीपी पुन्हा आली आणि खड्डा त्याच जागी सापडला तर सुकवण्यात किंवा जोडात चूक आहे. वेगळ्या जागी सापडला तर आधी खांबाकडे जा.

नवी भरलेली डीपी बसवल्यावर पहिली रात्र लोडशिवाय चालू ठेवा. ब्रीदरमधलं (टाकीत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या नळकांड्यातलं) सिलिका जेल निळं आहे आणि खालच्या कपात ऑइल आहे, हे तेव्हाच बघून घ्या. पहिल्या पूर्ण लोडच्या दिवसानंतर लाइट बंद करून, फ्यूज काढून, अर्थ करून एलटीचे बोल्ट एकदा आवळा, आणि टाकी गरम असतानाच खालच्या व्हॉल्व्हमधून ऑइलचा नमुना काढून बीडीव्ही घ्या. २.५ मिमीच्या गॅपला तो ३० केव्हीच्या खाली आला तर डीपी चालू ठेवू नका, उतरवून परत ओव्हनला लावा.